गुंडी

डोमाच्या पहिल्या कॅसेटवरचा फोटो
इतवारीतल्या एका माडीवर काढला होता.
सदऱ्याची वरून दुसरी गुंडी तुटलेली.
फोटोवाला म्हणाला, हात जोड, झाकून जाईल.
त्यानं जोडले.
मी बाजूलाच होतो पेटी मांडीवर घेऊन.
फोटोत माझा फक्त गुडघा आला.

हकीकत एवढीच आहे.
बाकी सगळं लोकांनी केलं.

कॅसेट वडशाला गेली, साकोलीला गेली,
रसवंतीवर वाजली, एसटीत वाजली, तेरवीच्या मांडवात वाजली.
बायांनी ते जोडलेले हात
धानाच्या ढोलीवर चिकटवले, कुंकू लावलं.
मग जीप घेऊन सिनेमावाले आले.
त्यांनी कॅसेट पाहिली.
ऐकली की नाही, मला माहीत नाही.

पहिल्या सिनेमात तो आंधळा भजनी.
दुसऱ्यात मुका, देवळाच्या पायरीवर कंठ फुटणारा.
तिसऱ्यात विष देणाऱ्या भावाला
पाच कडवी गाऊन क्षमा करणारा.
चौथ्यात पुन्हा आंधळा,
पण या वेळी नदीकाठी.
"सिनेमे चार, धोतर एकच," डोमा म्हणायचा
आणि खर्रा थुंकायचा,
आधी इकडेतिकडे पाहून.

एकदा त्यानं धीर केला,
"मले तो दारूचा ठेकेदार करू द्या ना."
सगळे हसले. कुणी तरी पाठ थोपटली.
"बुवा, लोक खुर्च्या मोडतील."

आमच्या गावात त्याला बुवा कोण म्हणणार?
आमच्या गावात तो रावण होता.
दंडारीत, सतराव्या वर्षी,
पुठ्ठ्याची नऊ डोकी आणि दहावं स्वतःचं, काजळानं माखलेलं,
मशालीच्या मागून खर्जात असा उठायचा
की पेटीच्या भात्यात माझा हात अडखळे,
लेकरं आयांच्या लुगड्यात शिरत,
बोडीच्या पाळीवरची कुत्री गावाकडे तोंड करून भुंकत.
तो आवाज कुठल्याच कॅसेटवर नाही.

औंदा मंडईला आला.
सख्ख्या बहिणीनं ताटात वरण वाढलं.
चुलीवर झिंगे शिजत होते, सगळ्या घराला वास,
पण ती म्हणाली, तुमच्यासाठी वेगळी भांडी घासून ठेवली.
तो मुकाट्यानं जेवला.
हात धुताना मला म्हणाला,
"डोकी आहेत का गा अजून?"

होती. समाजमंदिरातल्या माळ्यावर, सहा.
तीन उंदरांनी नेली.
आम्ही दोघांनी कणकेची खळ लावून ती जोडली,
मी पेटीचा भाता झटकला,
आणि रात्री दोन वाजता, सगळे पेंगत असताना,
डोमा मशालीमागून उठला.

आवाज तोच होता, बाप्पा. तोच.
वर थोडा फाटलेला, म्हणून अधिकच वाईट.

आणि अख्ख्या मांडवानं हात जोडले.
पुढची म्हातारी उठली, तिनं रावणाच्या पायावर डोकं टेकवलं.
मग रांग लागली.
तो गरजत होता सीतेला पळवण्याबद्दल
आणि लोक नारळ ठेवत होते.
कुणी तरी त्याच्या सातव्या डोक्याला हार घातला,
ते तेवढ्यानं गळून पडलं.

मी वाजवत राहिलो. काय करणार?
त्याच्या डोळ्यांकडे पाहिलं नाही.

तेवढ्यात उजवीकडून, चिवड्याच्या दुकानापाशी,
एक पोरगं किंचाळलं.
दीड-दोन वर्षांचं, नुकतं झोपेतून उठलेलं.
आई त्याचे हात धरून जोडायला लावत होती, जय कर, जय कर,
ते हात सोडवून घेत होतं,
रडून रडून काळंनिळं.

डोमा थांबला.
एक अख्खी ओळ त्यानं त्या पोराकडे तोंड करून म्हटली,
हळू, खालच्या सुरात, दात दाखवून.

पहाटे बोडीवर तोंड धुताना
काजळ काही निघेना.
राखेनं घासत त्यानं विचारलं,
"कोणाचं पोट्टं होतं ते?"
म्हटलं, नाकाडेच्या धाकट्याचं असेल.
मग बराच वेळ नुसतं पाणी वाजत होतं.

"खरंच भेलं ना गा?"

भेलं, मी म्हटलं.
रातभर निजलं नसेल.